एजंट शेजारच्या टेबलावर विचारायला जात नाही

महोदय,

एआय एजंटांमुळे कोणाच्या नोकऱ्या जाणार, यावर सध्या रोज काही ना काही छापून येते. या एजंटांना त्यांचे काम समजावून कोण सांगते, हा प्रश्न मात्र कोणी विचारताना दिसत नाही. मी पुण्यात टेक रायटर आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची माहितीपत्रके लिहिण्याचे काम करते. आयटीतही अनेकांना हा हुद्दा ठाऊक नसतो. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी ज्यांना ‘जरा डॉक्युमेंटेशन उरकून टाका’ म्हणून सांगितले जाते, त्या आम्ही.

एजंट म्हणजे भाषेचे मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारी एआय प्रणाली, आणि त्याच्या हाताशी दिलेली काही टूल्स. ग्राहक शोधणे, बिल काढणे, ऑर्डर रद्द करणे अशी. टूलच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि कोणत्या रकान्यात काय भरायचे याचा तक्ता. ओपनएआयने जून 2023मध्ये आणलेले फंक्शन कॉलिंग घ्या किंवा अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, मॉडेलला टूल्स जोडून देण्याच्या या दोन्ही पद्धतींचा गाभा हाच. हे टूल आत्ता वापरायचे का आणि वापरायचे तर त्यात काय भरायचे, हे मॉडेल तेवढ्या मजकुरावरून ठरवते.

आता पैशांचेच बघा. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सेवा देणाऱ्या रेझरपेच्या एपीआयला, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने तिच्याशी बोलायच्या सोयीला, रक्कम पैशांत द्यावी लागते. 500 रुपये म्हणजे 50000. यूपीआयच्या पेमेंट लिंकमध्ये मात्र रक्कम रुपयांत जाते. दोन्हीकडच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेले आहे. घोळ होतो तो त्यावर स्वतःचे टूल बांधणाऱ्यांकडे. तिथे तक्त्यात ‘अमाउंट : नंबर’ एवढेच उरते. मॉडेल रुपये समजून 500 पाठवते आणि पाच रुपयांची ऑर्डर तयार होते. एररही येत नाही, कारण 500 हा आकडा यंत्राच्या दृष्टीने बिनचूक असतो. तारखेचेही तेच. 04/03 म्हणजे आपल्याकडे 4 मार्च, अमेरिकेत 3 एप्रिल.

माणसे इतकी वर्षे हे कसे निभावत होती? प्रत्येक ऑफिसात सगळे तोंडपाठ असलेले एक गृहस्थ असतात. ‘स्टेटस 2 म्हणजे रद्द, पण जुन्या ग्राहकांना तो पेंडिंग असतो बरं का,’ हे नव्या मुलाला चहाच्या टपरीवर कळते. लिहिलेले कुठेच नसते. एजंट टपरीवर येत नाही. माहिती नसली की तो बहुतेक वेळा अंदाज बांधतो आणि पुढे जातो, तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

एका कामात माझ्यासमोर आलेल्या टूलचे वर्णन दोन शब्दांचे होते : ‘कस्टमर शोधते.’ त्याच्या शेजारीच तसेच दुसरे टूल, वर्णनही जवळपास तेच. मी पहिल्याचे असे केले : ‘मोबाइल क्रमांकावरून एकच ग्राहक शोधते. क्रमांक 10 अंकी, पुढे +91 न लावता. नावावरून शोधायचे असल्यास हे वापरू नका, ग्राहक-यादीचे टूल वापरा. ग्राहक न सापडल्यास रिकामे उत्तर येते, ती चूक नाही. अशा वेळी विचारल्याशिवाय नवा ग्राहक तयार करू नका.’ यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि ते लिहिण्यासाठी मला हिशेब विभागात जाऊन बसावे लागले, कारण एकाच माणसाची दोन-दोन खाती निर्माण झाल्याचा ताप त्यांनाच होता. एरर मेसेजही बदलून घेतला. आधी नुसते ‘इनव्हॅलिड इनपुट’ यायचे. आता ‘12 अंक मिळाले, 10 हवेत, सुरुवातीचे 91 काढून पुन्हा पाठवा’ असे येते आणि एजंट मुकाट्याने स्वतःची दुरुस्ती करतो.

तरुण इंजिनीअर मला सांगतात, ‘मॅडम, हे वर्णनही आता मॉडेलच लिहील.’ लिहील की! कोड वाचून तो काय करतो हे मॉडेल छान सांगते. पण हिशेब विभागाचा ताप कोडमध्ये नसतो. काहीजण दुसरे टोक गाठतात आणि दोनशे पानी मॅन्युअल तसेच्या तसे एजंटाला चिकटवतात. मॉडेल एका वेळी जेवढा मजकूर समोर ठेवू शकते त्याला मर्यादा असते, प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात आणि त्या ढिगात कामाचे वाक्य हरवते.

चांगल्या वर्णनाने सारे सुरक्षित होते, असाही माझा दावा नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये टूल फक्त वाचते की काही पुसूनही टाकते, हे नोंदवायची सोय आहे; पण ती केवळ सूचना आहे, अनोळखी ठिकाणाहून आलेल्या अशा सूचनेवर विसंबू नका, असे तो प्रोटोकॉलच बजावतो. डेटा पुसण्याआधी माणसाची परवानगी लागावी, ही अट कोडमध्येच घालायला हवी.

यात नवे फारसे काही नाही. नोव्हेंबर 1971मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आपल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे पहिले मॅन्युअल काढले. त्यात कमांडच्या माहितीबरोबर ‘बग्ज’ नावाचा रकाना होता. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडते, हे लेखक स्वतःच तिथे लिहीत. आजच्या किती टूल्सच्या वर्णनात असा रकाना सापडतो?

आपल्या वृत्तपत्रामार्फत इंजिनीअरिंग कॉलेजांना एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे ‘ब्लॅक बुक’ मुले सोनेरी अक्षरांत बांधून देतात; ते परीक्षकही वाचत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी तोंडी परीक्षेत एका गटाच्या टूलचे वर्णन दुसऱ्या गटाला द्यावे, कोड न दाखवता, आणि ते टूल चालवायला सांगावे. ज्यांनी लिहिले त्यांनी त्या वेळी खोलीबाहेर थांबावे.

– एक टेक रायटर, कोथरूड, पुणे