यंदाची फेरी मी करते

नागपूर

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले की, आप्पाकाका गेले, म्हणून श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी यंदा त्यांच्या जागी ते करणार, आणि मी काही न बोलता फोन आईकडे द्यायला सांगितला. ते तुम्हाला लागले असेल. तेव्हा शब्द सुचले नाहीत, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आप्पांची फेरी खंडित होणार नाही, परंतु ती मी चालणार आहे. रजा मंजूर झाली आहे आणि शुक्रवारच्या सेवाग्राम एक्सप्रेसचे तिकीटही काढून झाले आहे.

बाबा, तुम्हाला न विचारता हे ठरवले याची मला रुखरुख आहे. पण लहान फेरी म्हटली तरी ती सुमारे 20 किलोमीटरची, तीही रात्रभर, पावसात आणि चिखलात, आणि तुम्ही अनवाणीच निघणार हे मी जाणते. एंजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितले ते घराजवळच्या बागेत, डोंगराभोवती नव्हे. आप्पा असते तर त्यांनीच तुम्हाला त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर बसवून ठेवले असते, मागे एका वर्षी बसवले होते तसे. तुमच्या श्रद्धेत किंवा उमेदीत काही कमी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही.

मी 9 वर्षांची असताना तुम्ही दोघांनी मला पहिल्यांदा फेरीला नेले होते. पेगलवाडी मागे पडल्यावर अंधार दाटला, तेव्हा आप्पांनी माझा हात धरून सांगितले की, विठ्ठलपंत मुलाबाळांसह याच डोंगराची प्रदक्षिणा करीत असताना वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली आणि लहानगे निवृत्तिनाथ वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचले. वाघ पुन्हा आला तर, असे मी विचारले. ते म्हणाले, “आला तर त्याला वाट द्यायची. डोंगर आधी त्याचा आहे.” मग त्यांनी हरिपाठ जिथे थांबवला होता तिथून पुढे सुरू केला.

त्यांचा देव आणि त्यांचे रान मला कधी वेगळे करता आले नाही. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्प दिसले की ते आम्हा भावंडांना हात पाठीमागे बांधायला लावीत आणि मगच जवळ जाऊन पाहू देत. 2020 साली नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला महाराष्ट्रातील पहिल्या रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला, तेव्हा घरातले लग्न ठरावे तसे पेढे त्यांनी गल्लीत वाटले होते. आई, तिथल्या चापडगावच्या मनोऱ्यावर चक्रवाक पक्षी पाहता पाहता त्यांना एकादशीचा विसर पडला आणि तू दिलेली भाकरी ते खाऊन बसले, तो दिवस तुला आठवतो ना? आणि फेरीत स्वतः अनवाणी चालणारा तो माणूस खाकी पिशवीत चपलांचे दोन जोड बाळगीत असे, कारण कोणाच्या ना कोणाच्या पायाला फोड येणारच, हे त्यांना ठाऊक होते.

तुमच्यासाठी त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधी मंदिराजवळ तळमजल्यावरची खोली घेतली आहे. तिथे कमोड आहे, गरम पाणी आहे, आणि आई, तुझी पातळ उशी मी आठवणीने गाडीत ठेवीन. काकूंनाही बरोबर घ्यायचे आहे. रात्री झोप आली नाही तर बाबांनी समाधीपाशी बसून हरिपाठ म्हणावा. माझ्या चालण्याला त्याची सोबत होईल.

तोवर मात्र रक्तदाबाची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. गच्चीवर शेवाळ धरले असेल, वाळवण पाहायला आईने वर जायचे नाही. आणि बाबा, धरणातून पाणी सोडले की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढले हे पाहायला एकट्याने रामकुंडावर जायचे नाही. तुम्ही दोघे भाऊ तिथे मिळून जात होतात, म्हणून पाय तिकडे वळतात, हे मला कळते. मी आले की आपण पुलावरूनच पाहू.

एक गोष्ट तुम्हाला अजून सांगितलेली नाही. जाण्याच्या महिनाभर आधी आप्पांनी मला फोन करून फेरीला बोलावले होते. कचेरीत काम आहे, पुढच्या वर्षी येते, असे मी म्हणाले. “ये सावकाश, डोंगर कुठे जातोय,” एवढेच ते म्हणाले. बाबा, तुमच्या प्रकृतीची काळजी खरीच आहे, पण ही फेरी मागून घेण्यामागे हेही आहे, म्हणून ती मला द्या.

काकूंकडून ती खाकी पिशवी मागून ठेवा आणि धुवायला टाकू नका. तिच्यात ठेवायला चपलांचे दोन जोड मी इथून घेऊन येते आहे.

तुमची लेक