सूचना : आज रात्री चौथा सामना, सगळ्यांनी यायचंच

मंडळी, काल आपला बॉस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स १९–८ ने हरला, सातपैकी चार सामने जिंकायच्या या मालिकेत आपण ०–३ मागे आहोत. तरीही आज, रविवार १७ ऑक्टोबर २००४, आपल्या फेनवे पार्क मैदानावरचा न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा सामना नेहमीप्रमाणे आमच्याच तळघरात बघायचा. रात्री ८ पर्यंत या. आपल्याकडून चेंडूफेकीची सुरुवात डेरेक लो करणार आहे.

०–३ वरून बेसबॉलमध्ये आजवर कुणी मालिका जिंकलेली नाही, मान्य. पण हॉकीत १९४२ आणि १९७५ साली हे घडलंय! १९१८ पासून पुढच्या विजेतेपदाची (वर्ल्ड सिरीजची) वाट बघतोय, आज कसं सोडायचं?

– नवरात्राचे उपास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करतोय. बाकीच्यांनी डबा आणावा.
– टोपी घालूनच या. माझी, कडेला घामाचा पांढरा डाग पडलेली, खुंटीवर तयार आहे.
– शेवटचा गडी बाद होईपर्यंत कुणीही उठायचं नाही, उद्या ऑफिस असलं तरी.