रेडिओवर काय बोलावं

प्रिय लेकी,

काल फोनवर तू म्हणाली, तिथल्या एका बहुभाषिक रेडिओवर मराठी कार्यक्रमासाठी बोलावलं अन् काय बोलावं ते सुचून नाही राहिलं. मग मी तुमच्या मेलबर्नच्या रेडिओचा सारा इतिहासच वाचून काढला, रिटायर्ड मास्तरले दुसरं काम काय.

१९७५ च्या जूनमध्ये सिडनीत टू ईए अन् मेलबर्नात थ्री ईए असे दोन स्टेशन निघाले. ते काही गाण्यासाठी नाही निघाले बरं का! १ जुलैपासून मेडिबँक नावाची दवाखान्याच्या खर्चाची सरकारी योजना लागू होणार होती, अन् ग्रीस-इटली-तुर्कस्तानातून आलेल्या किती कामगार लोकायले तो इंग्रजी कागदच समजत नव्हता, तर त्यायले त्यायच्या भाषेत सांगायचं, सिडनीत सात भाषा, मेलबर्नात आठ. तीनच महिन्यांचा प्रयोग होता तो. १९७८ पासून एसबीएसनं, म्हणजे तिथल्या बहुभाषिक सरकारी प्रसारण संस्थेनं, हाती घेतला, अजून चालू आहे.

खरी गंमत १९७५ च्याच थ्री झेडझेड स्टेशनची. एबीसी या तिथल्या सरकारी रेडिओ-टीव्ही संस्थेनं मेलबर्नात काढलेलं, पण माइक लोकायच्या हाती, या अन् आपला कार्यक्रम आपणच करा. १९७७ मध्ये पंतप्रधान फ्रेझरच्या सरकारनं ते बंद पाडलं अन् वर्षभराच्या आत त्याच सरकारनं एसबीएस उभं केलं, आता काय म्हणावं! लोकायनं नाद सोडला नाही. १९८९ मध्ये थ्री झेडझेडझेड सुरू झालं, ९२.३ एफएमवर, स्वयंसेवकांच्या जिवावर.

आपल्याकडं आकाशवाणी नागपूर १९४८ चं. आबा पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन भरत अन् शेतीचा कार्यक्रम चुकवत नसत. पण पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, कोलाम आजीले ती मराठी कुठं समजे? पल्स पोलिओचं सांगायले मी शाळेतलाच एखादा कोलामी पोरगा सोबत नेत होतो, तो बोलला की घरोघरचे लेकरं बाहेर येत. २००६ पासून आपल्या देशात संस्थायले बी गावरेडिओ काढता येते, पण स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, म्हणजे कापसाच्या मोर्च्याची बातमी गावच्याच रेडिओवर नाही.

म्हणून सांगतो, दिवाळीच्या शुभेच्छा अन् पुरणपोळीची रेसिपी बाकीचे सांगतीलच. तू सांग की स्टुडंट व्हिसावाल्या पोरायले मेडिकेअर, म्हणजे तिथली आताची सरकारी आरोग्य योजना, नाही, त्यायचा हेल्थ कव्हर म्हणजे विमा वेगळा, त्यात काय बसते अन् काय नाही. नातवासाठी तिथं आलेल्या आईबापायले डॉक्टरचं इंग्रजी समजत नसन तर १३१ ४५० वर फोन लावला की दुभाष्या मिळते, हे किती जणायले माहीत आहे? तुह्या शेजारच्या काकूले विचारून पाह्य. अन् बोलतांना पुणेरी होऊ नको, घरी बोलते तसंच बोल.

रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर टाकजो. लाइव्ह असन तर टाइम आधी कळवजो, तुम्ही साडेचार-साडेपाच तास पुढं आहा, अन् तुही आई दुपारी वावरात असते.

तुहा,
बाबा