शाल नव्हे, चादर होती ती!

मा. संपादक,
स. न.

मंगळवारच्या अंकात 'तंत्रज्ञान आणि आजची कला' या व्याख्यानाची बातमी वाचली. 'कोडमधून उमलणारी कला सोलापूरकरांनी प्रथमच अनुभवली', असं आपला वार्ताहर लिहितो. तो बहुधा आमच्या विणकरांच्या पूर्व भागात कधी फिरकलेला नसावा. फोटोखाली 'शाल देऊन सत्कार' असंही छापलंय. शाल नव्हे, सोलापुरी चादर होती ती. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो.

साडेपाचचा कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि प्रास्ताविकाहून लांब परिचय. पाहुणे विद्वान, बोललेही छान. चित्रकार वेरा मोल्नार यांनी १९६८ मध्ये संगणकाकडून रेषा काढून घेतल्या, तिथून त्यांनी इतिहास सुरू केला. त्याच्या आधीचा इतिहास त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर घडी घालून ठेवला होता! फ्रान्सच्या जकार्डने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर माग चालवला. इंग्रज गणिती बॅबेजने तीच कार्डं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली आणि त्याची सहकारी एडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहून ठेवलं, की माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणतं. सोलापुरात येऊन हे सांगायचं नाही, तर कुठे सांगायचं?

माझे वडील मागासाठी अशी कार्डं मारायचे, म्हणजे नक्षीप्रमाणे भोकं पाडायचे. ग्राफच्या कागदावर मोर. लाल पेन्सिलीने भरलेला चौकोन म्हणजे भोक, कोरा म्हणजे नाही. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. मग सगळी कार्डं दोरीत ओवून माळ करायची. एकदा नेमकी डोळ्याचीच दोन-तीन भोकं राहून गेली आणि चाळीसेक चादरींवर आंधळा मोर उतरला. पैसे वडिलांच्या पगारातून कापले.

परवा पाहुण्यांनी पडद्यावर एआयचं एक चित्र दाखवलं. २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ४ लाख ३२ हजार ५०० डॉलरला गेलेलं. चेहरा पुसट, नाक-डोळे धड नाहीत. 'यंत्राच्या चुकीतच सौंदर्य असतं', असं पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. आमचा मोर जरा लवकर विणला गेला, दुसरं काय!

हेच विचारायला हात वर केला, तर 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत' अशी घोषणा झाली. त्यानंतर व्यासपीठावर अर्धा तास सेल्फी चालले होते. त्याला मात्र वेळ होता. निघताना पाहिलं, चादर खुर्चीवरच राहिली होती. नंतर कुणी नेऊन दिली असेल तर माझे शब्द मागे घेतो.

आणखी एक. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी होती. रात्री नऊला पाणी येणार, असं आपल्याच अंकात वाचून मी निर्धास्त गेलो. पाणी सहाला येऊन गेलं. आता पुढच्या पाळीपर्यंत शेजाऱ्यांच्या घागरीवर भागवतोय. निदान ते वेळापत्रक तरी विचारून छापत चला.

आपला नियमित वाचक,
पूर्व भाग, सोलापूर