अण्णांचे एक्कावन्न हजार

पुणे, १२ जानेवारी २०२५

प्रिय सुन्या,

दोन वर्षं झाली, ना पत्र ना फोन. ताईच्या मुलाच्या मुंजीत तू समोरच्या पंगतीत बसला होतास आणि मी मठ्ठा यायच्या आत हात धुवायला उठलो. तू काय ते ओळखलंस, मला माहीत आहे. माझी तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, आईचे गुडघे होते तसेच. आता मुद्द्यावर येतो, कारण ही गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आईचा अमळनेरहून फोन आला. "अरे, विप्रो बुडाली का?" शेजारच्या सूनबाईंनी मोबाइलवर दाखवलं होतं, काल पाचशे ऐंशीच्या वर असलेला भाव आज दोनशे नव्वद. आपल्या घरात आता एकही शेअर नाही, तरी आईचा आवाज असा, जणू गल्लीतलं कुणी गेलं. गावाचं आणि त्या कंपनीचं हे असंच आहे. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाची गिरणी म्हणून निघाली ती, आपल्या आज्या तिला अजून 'तुपाची कंपनी'च म्हणायच्या.

मी आईला समजावलं. म्हटलं, एकास एक बोनस दिलाय. ज्याच्याकडे दहा होते त्याचे वीस झाले, म्हणून भाव निम्मा. भाकरी तेवढीच, फक्त मोडून दोन तुकडे केलेत. ती म्हणाली, "मग आज कुणी विकले तर त्याला निम्मेच पैसे?" मी म्हणालो, "हातात निम्मेच, पण बोनसचे शेअर मागाहून त्याच्याच खात्यात येतात ना."

आणि सुन्या, मी बोलता बोलता थांबलो. आईही थांबली. मग तीच म्हणाली, "पक्या, आपल्या वेळी असंच झालं असेल का रे?"

एक्कावन्न हजार. तुला आठवतंय ना? मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण तो आकडा मीच तुझ्या तोंडावर फेकला होता, अमळनेर स्टेशनवर, सुरत पॅसेंजरची वाट बघताना. माझे वडील, दादा, गेल्यावर त्यांची डायरी हाती आली. मे २००४ च्या एका पानावर पेपरातला भाव उतरवून घेतलेला, विप्रो १५४०. जूनच्या शेवटच्या पानावर, 'अण्णांमार्फत ५० विकले, दर ५२०, रुपये २६,००० मिळाले, मांडववाल्यास दिले.' मी गुणाकार केला. पन्नास गुणिले पंधराशे चाळीस, सत्याहत्तर हजार. मिळाले सव्वीस. उरलेले एक्कावन्न हजार गेले कुठे? शेअर विकायची स्लिप घेऊन जळगावच्या ब्रोकरकडे गेले होते तुझे अण्णा. झालं. तू चहाचा कप कठड्यावर ठेवलास, "माझ्या बापाला चोर म्हणतोस?" एवढंच म्हणालास आणि गाडी न घेता घरी परत गेलास. त्या दिवाळीपासून आईने तुमच्याकडे फराळाचं ताट पाठवणं बंद केलं.

आईचा फोन ठेवला आणि मी शेअर बाजाराच्या साइटवर जुने भाव शोधले. इतकी वर्षं हाताशी होते, एकदाही उघडून पाहिले नव्हते. रोजची एक ओळ असते तिथे: उघडला किती, वर कुठवर गेला, खाली कुठवर आला, बंद कितीला झाला, उलाढाल किती. त्या दिवशी ज्या भावाने सौदे झाले तोच भाव, काही न बदलता. जून २००४ च्या अखेरीला या रकान्यात एक कडा तुटल्यासारखी दिसते. आदल्या दिवशी दीड हजाराच्या घरात आणि दुसऱ्या दिवशी पाचशेच्या घरात. खाली कंपनीच्या निर्णयांची यादी उघडली की कारण सापडतं. बोनस, एकास दोन. एका शेअरवर दोन फुकट, म्हणजे एकाचे तीन, म्हणून भाव एक तृतीयांश. दादांनी डायरीत जे दोन भाव लिहिले ते दोन वेगळ्या मापांचे होते. एक पायली, एक शेर. आणि मी त्यांची वजाबाकी केली.

मग तोच काळ अॅपच्या चार्टवर पाहिला. तिथे कडाच नाही! रेघ सपाट, जून २००४ मध्ये काही घडलंच नाही अशी. भाव मात्र अठ्ठावीस-तीस रुपयांच्या आसपास. चार्टवाले पुढच्या प्रत्येक बोनसने मागचे सगळे भाव भागत जातात, म्हणजे आजच्या शेअरच्या मापात जुना भाव दिसतो. मी वहीवर मांडून पाहिलं. १९९९ मध्ये दहा रुपयांचा शेअर फोडून दोन रुपयांचे पाच केले, ते सोडून पुढचं धर. २००४ ला तिप्पट, २००५ ला दुप्पट, २०१० ला तिनास दोन (तिनाचे पाच), २०१७ ला पुन्हा दुप्पट, २०१९ ला तिनास एक (तिनाचे चार), आता २०२४ ला दुप्पट. गुणाकार येतो सव्वात्रेपन्नच्या आसपास. म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये पेपरात नऊ हजारांच्या वर छापून आलेला भाव आज चार्टवर एकशे सत्तरच्या आसपास दिसतो. (२०१३ मध्ये साबणा-तेलाचा धंदा वेगळा काढला, तो हिशोब निराळा, या गुणाकारात नाही. काही चार्ट लाभांशही वजा करतात, मग आकडा आणखी खाली जातो.) परतावा बघायचा तर चार्टचे भाव घ्यावेत, आणि अमक्या दिवशी अमक्याच्या हातात किती पैसे पडले ते बघायचं तर बाजाराचे मूळ भाव घ्यावेत. दोन्ही खरे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला विचारू नये. मला कॉलेजात हे कुणी शिकवलं असतं तर तुझा माझा स्टेशनवरचा चहा तरी पिऊन झाला असता.

नाताळात गावी गेलो. तुमच्या गल्लीतून जायची हिंमत झाली नाही, बोरीच्या पुलाकडून वळसा घालून गेलो. माळ्यावरची दादांची पत्र्याची पेटी काढली. वर गावातल्या दोन-तीन बंद पडलेल्या कंपन्यांची सर्टिफिकेटं, हिरवी, नक्षीची, छान छापलेली. त्यांचा चार्ट कुठेच मिळत नाही. दहा शेअर ठेवले आणि कोट्यधीश झाला अशा आपल्या गावातल्या गोष्टी ऐकताना ही पेटी आठवायला हवी, कारण जुने भाव बघायला मिळतात ते बहुतेक जगलेल्यांचेच.

त्याखाली डीमॅटची, म्हणजे शेअरच्या खात्याची, स्टेटमेंटं होती, कडेला भोकं असलेल्या कागदावर छापलेली, शाई जांभळट पडलेली. जून २००४, वजा ५०. पुढच्या पानावर जुलै, 'बोनस, जमा १००'. आणि जुलै २००५, वजा १००. मागे टाचणीने लावलेली ब्रोकरची पावती, दर ७१०. त्या महिन्यात माझी पुण्याची फी आणि सदाशिव पेठेतल्या खोलीचं डिपॉझिट भरलं होतं दादांनी. मी विचारलं होतं, कुठून आणले? म्हणाले होते, "होते ठेवलेले." सव्वीस हजार आणि एक्काहत्तर हजार, सत्त्याण्णव हजार. मी मांडलेल्या सत्याहत्तरपेक्षा वीस जास्त.

आणि जूनच्या पावतीच्या मागे पेन्सिलीने अण्णांचं अक्षर. तो 'ळ' खाली शेपटी वळवलेला, आपल्याला शुद्धलेखनाला मार बसायचा तो. 'बोनसचे १०० नंतर मिळतील, तुझ्याच नावावर. निकड नसेल तर विकू नकोस. बस भाडे नको.' बघ ना, बस भाडं नको. अमळनेर-जळगाव जाऊन येऊन, जूनच्या उन्हात, मित्राच्या मुलीच्या लग्नासाठी. बोनसचा हक्क सुटू नये म्हणून त्यांनी मुद्दाम एक्स-बोनस होईपर्यंत, म्हणजे विकले तरी बोनस आपल्यालाच मिळेल त्या दिवसापर्यंत, थांबून विकले असणार. आदल्या आठवड्यात दीड हजाराने विकले असते तर बोनस विकत घेणाऱ्याला गेला असता. सत्याहत्तर हजार रोख मिळाले असते, माझी फी मात्र राहिली असती.

मी तो कागद हातात धरून माळ्यावरच बसून राहिलो. आई खालून हाका मारत होती.

आता माझा खरा प्रश्न. अण्णांना माहीत आहे का? तू त्यांना स्टेशनवरचं सांगितलं होतंस का? नसशील सांगितलं, तर मी येऊन माफी मागायची म्हणजे ज्या गोष्टीची त्यांना खबरच नाही ती चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या छातीवर ठेवायची. आणि सांगितलं असशील, तर ते इतकी वर्षं आईला देवळात भेटून 'वहिनी, गुडघा कसा आहे?' विचारत राहिले ते हे मनात ठेवून. दोन्हींपैकी काय असेल त्याने माझी झोप उडाली आहे. रात्री दोनला उठून पुन्हा तोच गुणाकार करतो. तू मारामारी करायचास तेव्हा निदान निकाल लागायचा, तुझं नाक किंवा माझा दात. आता बोल काय ते. शिव्या दे, पण लिही. फराळाचं ताट थांबलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे मी विचारायच्या लायकीचा नाही, पण तू सांगितलंस तर ऐकेन.

नाशिकच्या नोकरीचं ताईकडून कळलं, अभिनंदन. मुलगी बारावीला ना? तिला फिजिक्सचं टेन्शन घेऊ नको म्हणावं, तुझ्यावर गेली असेल तर केमिस्ट्रीच नडेल. वहिनींना नमस्कार. घर बदललंस म्हणे, पत्ता पाठव.

स्टेटमेंटची आणि त्या पेन्सिलीच्या ओळींची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ कागद माझ्याकडे आहे, तो तुमच्या घरचा, देईन.

शनिवारी २५ तारखेला मी अमळनेरला येतोय. अण्णांना भेटू की नको ते तू ठरव, मी तुझ्या उत्तराची वाट बघतो. संक्रांतीसाठी आईने तिळाचे लाडू केलेत, एक डबा वेगळा भरून कपाटात वर ठेवलाय. मी विचारलं कुणाचा, तर म्हणाली, "त्यांच्याकडचा. पण मला नेववत नाही रे. सुन्या आला तर त्याच्या हातात देईन."

तुझा,
पक्या