पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काल्गूर्लीच्या मेकॅनिक दादांना

प्रिय दादा,

गाडी ताब्यात दिलीत, "चल, जपून जा" म्हणालात आणि लगेच दुसऱ्या गाडीखाली शिरलात. आभार मानायचे राहूनच गेले. काल वॉर्बर्टनची फेरी करून सुखरूप घरी आलो आणि आता लिहिल्यावाचून राहवत नाही. चारचौघांत लिहितोय, कारण तुमच्यासारख्या माणसाचं कौतुक चारचौघांतच व्हायला हवं.

लॅव्हर्टन सोडलं की वॉर्बर्टनपर्यंत ग्रेट सेंट्रल रोडचे सुमारे ५६० किलोमीटर, मध्ये एकच रोडहाउस, म्हणजे इंधन आणि खाणं मिळण्याचं ठिकाण. माझ्या हायलक्स पिकअपची मूळ टाकी ८० लिटरची. मागे पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रांचे सुटे भाग लादलेले, समोरून वारा आणि रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा. अशा वाटेवर माझी गाडी शंभर किलोमीटरला तेरा-चौदा लिटर सहज पिते. म्हणून तर पदरचे पैसे घालून १४० लिटरची टाकी बसवली होती.

ज्यांनी ती बसवली त्यांचं नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. पंपावर जेमतेम शंभर लिटर आत गेले की नोझल बंद व्हायचं आणि फेस उसळून बुटांवर यायचा. तक्रार घेऊन गेलो तर काउंटरवरूनच उत्तर मिळालं, "मोठ्या टाक्यांचं असंच असतं, हळूहळू भरा." खाली वाकून बघायची तसदीही कुणी घेतली नाही. इंधनाच्या काट्यावरचा तर माझा विश्वासच उडाला होता. त्या वाटेवर मोबाईलला रेंज नाही, आणि घरी बायको रात्र रात्र जागी.

तुम्ही आडवे होऊन आत गेलात आणि टॉर्चच्या उजेडात ब्रीदरची नळी दाखवलीत. टाकी आणि चॅसीच्या मध्ये पार चेपलेली. आतल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, मग डिझेल मावणार कुठून? नळी बदललीत, पट्टे पुन्हा कसलेत. चांगला मेकॅनिक एवढं करतोच.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. टाकी रिकामीच होती, तेव्हा मापाचा कॅन घेऊन बसलात. दहा लिटर ओतायचे, किल्ली फिरवायची, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग पुढचे दहा. टाकीचा आकार बदलला की काट्याचं जुनं माप लागू राहत नाही, हे ओतता ओतताच समजावलंत. मग डॅशबोर्डवर कागदी चिकटपट्टी लावून काळ्या मार्करनं लिहिलंत: 'अर्धा – ९०, पाव – ५५'. आणि त्याखाली, 'लाल दिवा – अजून ३० आहे, घाबरू नको.'

दादा, ते 'घाबरू नको' बिलात नव्हतं.

या फेरीत एका ठिकाणी पंप बंद निघाला. परतताना लॅव्हर्टन ऐंशी किलोमीटरवर असताना दिवा लागला. एरवी छातीत धस्स झालं असतं. मी पट्टीकडे बघितलं आणि त्याच वेगानं गाडी चालवत राहिलो.

आपला मराठी माणूस म्हणून तुम्ही हे केलंत, असंही नाही. शेजारी खाणीतल्या एका पोराची जुनी यूट (इथली पिकअप गाडी) उभी होती, तिच्याखालीही तुम्ही तेवढाच वेळ घातलात. मी बघत होतो. एसटीच्या वर्कशॉपमध्ये शिकलात असं म्हणालात. गाडीत माणसं बसणार आहेत हे ध्यानात ठेवून पाना हातात घ्यायचा, ही शिकवण तिथलीच असणार. असं काम करणारा माणूस कुठल्याही गावात असला तर ते गाव भाग्याचं. बाकी मोठाली दुकानं, चकचकीत पाट्या कितीही असू देत.

बायकोनं तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, तेल बदलायला येईन तेव्हा आणतो. माझ्या सहकाऱ्यालाही तुमच्याकडे पाठवतोय. त्याची टाकी त्याच दुकानात बसवलेली आहे आणि तीही पूर्ण भरत नाही. आधी ब्रीदरच बघा.

तुमचाच,
पांढऱ्या हायलक्सवाला