खुब्यातला रॉड समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पण राउंड संपल्यावर परत येऊन आमच्या शंका ऐकणाऱ्या रेसिडेंट मॅडम तुम्हीच, त्यामुळे वाचलंत की कळेलच. ऑपरेशन मोठ्या सरांनी केलं, त्यांचे आभार तेव्हाच मानून झाले, तुमचे राहिले होते.

आईचा खुबा मोडला आणि रॉड टाकायचा ठरला तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाला तो शेजारच्या बेडवरच्या आजींवरून. त्यांचाही खुबाच मोडलेला, वयही साधारण तेवढंच, मग त्यांना नवीन बॉल (मांडीच्या हाडाचा खुब्यात बसणारा गोल माथा) आणि आईला नुसता रॉड का? मामा तर म्हणायला लागला की आपल्याला कामचलाऊ करून देतायत. तुम्ही चिडला नाहीत, दोन्ही एक्सरे उजेडासमोर धरलेत आणि बोट ठेवून दाखवलंत की आजींचं मांडीचं हाड मानेत, म्हणजे बॉलच्या लगेच खालच्या बारीक भागात तुटलंय, बॉलकडे जाणारा रक्तपुरवठा त्या मानेवरूनच जातो, तो तुटला की बॉल मरायची भीती म्हणून तो बदलायचा. आईचं त्याच्या खाली तुटलंय, तिथे रक्त भरपूर, हाड स्वतःहून जुळतं, फक्त जुळेपर्यंत कोणीतरी धरून ठेवायला हवं. मामा गप्प. (हे एरवी होत नाही.)

मग बहिणीने विचारलं, बाहेरून प्लेट का नाही लावत. त्यावर तुम्ही म्हणालात, भरलेली कळशी कडेवर घेतली तर चालता येतं, तीच हात लांब करून धरा बघू! रॉड हाडाच्या पोकळीत, म्हणजे वजन जातं त्या रेषेच्या जवळ बसतो, प्लेट बाजूला असते म्हणून तिच्यावर ताण जास्त. आणि तरी प्लेट वाईट असं नाही हेही सांगितलंत, मनगटाला किंवा सांध्याजवळ बारीक तुकडे झाले असतील तर तिथे प्लेटच लागते, आणि म्हाताऱ्या पोकळ हाडात लॉकिंग प्लेट, जिच्यात स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी घट्ट बसतं. मी नंतर वाचलं की मांडीच्या हाडात असा आतून रॉड घालायची पद्धत गेरहार्ड क्युंचर नावाच्या जर्मन सर्जनने १९३९ च्या सुमारास सुरू केली.

ऑपरेशननंतरचा एक्सरे आम्हाला नुसता खिळ्यांचा फोटो वाटला असता. तुम्ही दाखवलंत तेव्हा कळलं की रॉडमधून वर बॉलमध्ये गेलेला जाड स्क्रू किती खोल आणि मधोमध बसलाय त्यावर सगळं आहे, त्याचं टोक बॉलच्या टोकापासून किती लांब ते समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्सरेवर मोजून बेरीज करतात आणि ती २५ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर ठिसूळ हाड फाडून स्क्रू बाहेर येऊ शकतो. आईची बेरीज आत होती. त्या रात्री आम्ही सगळे झोपलो.

टायटॅनियमचं कौतुक मात्र तुम्ही जरा कमीच केलंत, आम्हाला वाटलं होतं महाग म्हणजे जास्त टणक. तर स्टीलच जास्त ताठ असतं, टायटॅनियम साधारण त्याच्या निम्मं, आणि थोडं लवचिक असणं हाडाला उलट बरं, कारण सगळा भार धातूनेच उचलला तर हाड आळशी होऊन विरळ होतं. आणि धातू कुठलाही असो, हाड जुळलंच नाही तर रोजच्या वजनाने तोही एक दिवस तुटतो हे ऐकून आईने वॉकर आणि व्यायाम दोन्ही मनावर घेतलं.

डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर फाईलमध्ये चिकटवलेत का ते तुम्ही स्वतः बघितलंत, साईझ, लॉट नंबर सगळं, पुढे एमआरआय करायचा झाला किंवा रॉड काढायचा झाला तर लागतील म्हणून. आई आता विचारते कधी काढायचा, मी तुमचंच वाक्य ऐकवते की त्रास नसेल तर या वयात सहसा काढत नाहीत.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं काम तुम्ही शेवटी केलंत. साध्या पडण्याने खुबा मोडला म्हणजे हाडंच ठिसूळ झालीयेत, रॉडने हा खुबा सावरेल पण दुसरा तसाच राहील, म्हणून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लिहून दिलात, तो केला, आणि हाडांचं औषध सुरू झालंय. त्यासाठी खरंच मनापासून थँक्यू मॅडम. फॉलोअपला आलो की भेटूच, मामाही येणार आहे आणि त्याच्याकडे गुडघ्याचे प्रश्न तयार आहेत.

तुमच्या पेशंटची मुलगी